कुडाच्या भिंती आणि सहस्रस्तंभ सभा : हस्तिनापूरचे उत्खनन व महाभारताची संहिता

भारतीय युद्ध खरोखर झाले काय आणि झाले असल्यास केव्हा, हा प्रश्न मराठी विद्वत्तेने शंभर वर्षांहून अधिक काळ हाताळला आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०५ साली इंग्रजीत आणि पुढे १९१८ च्या ‘श्रीमन्महाभारताचा उपसंहार’ या मराठी ग्रंथात त्याचा सविस्तर ऊहापोह केला आणि युद्धाचा काळ इ.स.पू. ३१०१ असा निश्चित केला. त्यांची साधने सर्वस्वी वाङ्मयीन होती : ग्रहस्थितीचे उल्लेख, पुराणांतील वंशावळी, परकीयांनी केलेल्या नोंदी. विशेष म्हणजे महाभारत एका हातचे नाही, ‘जय’, ‘भारत’ आणि ‘महाभारत’ अशा अवस्थांतून ते वाढत गेले आहे, हे प्रतिपादनही मराठी वाचकांत वैद्यांनीच रुजविले. ग्रंथ थराथराने वाढला असे मानावयाचे आणि त्यातील घटनेला मात्र एक नेमके वर्ष द्यावयाचे, या दोन भूमिकांतील ताण त्यांना फारसा जाणवलेला दिसत नाही. पुढील काळात कुदळ-फावडे घेऊन आलेल्या पुरातत्त्वज्ञांनाही तो तितकासा जाणवला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा ताण आहे. उत्खनन आणि आर्ष काव्य यांची तुलना करताना नेमके कशाशी काय ताडून पाहिले जाते, हे एका उदाहरणाच्या आधारे तपासावयाचे आहे.

ते उदाहरण हस्तिनापूरचे. उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात गंगेच्या जुन्या पात्राच्या काठी असलेल्या टेकाडाचे उत्खनन बी. बी. लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात केले व त्याचा वृत्तान्त भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या दहाव्या-अकराव्या जोडअंकात (१९५४-५५) प्रसिद्ध झाला. येथे वस्तीचे पाच कालखंड आढळले. सर्वांत खालच्या थरात गेरू रंगाच्या मृद्भांड्यांचे थोडे तुकडे. त्यावर चित्रित करड्या मृद्भांड्यांची वस्ती. मग उत्तरेकडील काळ्या झिलईदार मृद्भांड्यांचा, भाजलेल्या विटांचा आणि आहत नाण्यांचा काळ. त्यानंतर इसवी सनाच्या आगेमागेची शतके. आणि मोठ्या खंडानंतर मध्ययुगीन वस्ती. यांतील दुसरा कालखंड लाल यांनी इ.स.पू. सुमारे ११०० ते ८०० असा धरला व तो महाभारतातील हस्तिनापुराशी जोडला. त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली अशी की महाभारतात ज्यांची नावे येतात अशा अनेक स्थळी, म्हणजे पानिपत, बागपत, तिलपत, मथुरा, अहिच्छत्र, कांपिल्य, बैराट येथे, हीच करडी खापरे मिळतात. दुसरी गोष्ट अधिक लक्षवेधी होती : या कालखंडाच्या अखेरीस गंगेच्या मोठ्या पुराने वस्तीचा बराच भाग वाहून नेल्याच्या खुणा टेकाडात दिसल्या. गंगेने हस्तिनापूर वाहून नेले तेव्हा राजा निचक्षूने राजधानी कौशांबीला हलविली, असे पुराणे सांगतात. पुराचा थर आणि पुराणातील वचन एकमेकांसमोर उभे राहिले.

पण दुसऱ्या कालखंडातील हस्तिनापूर कसे होते? घरे मातीची आणि कुडाची. बोरूचे ठसे उमटलेले मातीचे लिंपण, तांब्याच्या काही वस्तू, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जळालेला तांदूळ, घोड्याची व इतर जनावरांची हाडे, वरच्या पातळीत लोखंडाच्या मळीचे गोळे. मोठी वास्तू नाही, तट नाही, प्रासाद नाही. उत्खननाचे क्षेत्र मर्यादित होते आणि घरांचे पूर्ण आराखडे हाती आले नाहीत, हे ध्यानात घ्यावयास हवे. परंतु याच संस्कृतीच्या अन्य स्थळांवरही फार निराळे चित्र दिसत नाही. कानपूर जिल्ह्याचे मक्खन लाल यांनी केलेले सर्वेक्षण पाहिले तरी नदीकाठाने ओळीत वसलेल्या, बहुतांशी लहान वस्त्या आढळतात.

लाल यांनी मूळ वृत्तान्तात आपले निष्कर्ष तात्पुरते मानावेत, कोरीव लेखासारखा प्रत्यक्ष पुरावा मिळेपर्यंत ते सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. हा सावधपणा पुढे टिकला नाही. लोकप्रिय लेखनात तर नाहीच. स्वतः लाल यांच्या नंतरच्या लेखनातही खात्रीचा सूर चढत गेला. १९७५ च्या सुमारास या प्रश्नावर जाहीर वाद झडला आणि एस. पी. गुप्ता व के. एस. रामचंद्रन यांनी संपादिलेल्या ‘महाभारत : मिथ अँड रिॲलिटी’ (१९७६) या संग्रहात त्यातील परस्परविरोधी मते एकत्र आली. युद्धाला ऐतिहासिक मानण्याविषयी दिनेशचंद्र सरकार यांच्यासारख्या पुराभिलेखतज्ज्ञाला गंभीर शंका होत्या. दुसरीकडे कार्बन-१४ कालमापनामुळे करड्या मृद्भांड्यांचा काळच वादग्रस्त झाला. काहींनी तो इ.स.पू. ८०० च्या अलीकडे ओढला, तर काही स्थळांवरील पुराव्याने तो मागे नेला. शिवाय या खापरांची स्थळे आज शेकड्यांनी ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य गावांचे नाव महाभारतात नाही. एखाद्या घाटाची भांडी म्हणजे एखादे कुल किंवा वंश नव्हे, हे तर पुरातत्त्वाचे प्राथमिक सूत्र आहे.

हे आक्षेप पुरातत्त्वाच्या अंगाने पुरेसे मांडले गेले आहेत. वाङ्मयाभ्यासकाने घ्यावयाचा आक्षेप वेगळा आहे आणि तो फारसा घेतला गेला नाही. हस्तिनापूरच्या टेकाडाचे पाच थर काळजीपूर्वक वेगळे करण्यात आले, प्रत्येक खापराची पातळी नोंदविण्यात आली. मात्र ज्याच्याशी ते ताडावयाचे तो ग्रंथ सपाट, एकसंध, एकाच थराचा म्हणून स्वीकारला गेला. हे घडले तेव्हा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले हे कार्य म्हणजे संहितेचे उत्खनन होय. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून, उत्तरेची व दक्षिणेची परंपरा वेगळी करून, मागाहून पडलेले थर तळटीपांत आणि परिशिष्टांत काढून ठेवण्याचे काम तेथे झाले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणाऱ्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ साली पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या पद्धतीची मर्यादाही सांगितली आहे : हस्तलिखितांच्या आधारे परंपरेने जपलेले जुन्यात जुने रूप तेवढे हाती लागते, कवीने उच्चारलेले मूळ काव्य लागत नाही. भृगुकुलातील ब्राह्मणांच्या हाती भारतकथेचे रूप कसे पालटले असावे, याविषयीचा १९३६ मधील त्यांचा निबंधही थरांचाच विचार करणारा आहे.

सुकथनकरांच्या पद्धतीने पोचता येणारी संहिता सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील मानली जाते. टेकाडातील करडा थर आणि संहितेचा आपल्याला गाठता येणारा तळ यांच्यात हजार वर्षांच्या आसपास अंतर पडते. हे अंतर मौखिक परंपरेने भरून काढले असे म्हणणे सोपे आहे, आणि काही अंशी ते खरेही असेल. परंतु मौखिक परंपरा वस्तू जपून ठेवणारी पेटी नव्हे. ती प्रत्येक पिढीत कथा नव्याने सांगते, आणि सांगताना आपल्या भोवतालचे जग तिच्यात भरते. सभापर्वाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, ही आपल्या कीर्तनपरंपरेतील कळीची घटना फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या चिकित्सक संहितेत (१९४४) मुख्य पाठात नाही. वस्त्रे निघत राहतात, पण धावा तळटीपेत गेला आहे. अवघ्या भक्तियुगाने त्या जागी आपला थर चढविला. हे जर मनोभावनांच्या बाबतीत घडते, तर सभागृहे, शस्त्रे, अलंकार यांच्या बाबतीत किती घडले असेल?

सभागृहाचा प्रश्न मुद्दाम घेण्यासारखा आहे. द्यूतासाठी धृतराष्ट्राने हस्तिनापुरात जी सभा बांधवून घेतली तिला सहस्र खांब आणि शंभर दारे होती, सोने व वैडूर्य यांनी ती नटलेली होती, असे वर्णन येते. ही सभा आणि उत्खननातील कूड यांच्यातील विसंगती पाहून एक पक्ष म्हणतो की काव्य ही निव्वळ अतिशयोक्ती. दुसरा म्हणतो की अजून खोल खणा, प्रासाद सापडेल. दोन्ही पक्षांना काव्य हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केलेले हवे आहे. वस्तुतः उत्तर भारतात अनेक स्तंभांचे भव्य सभागृह पहिल्यांदा स्पष्टपणे दिसते ते पाटलिपुत्राजवळ कुम्रहार येथे, मौर्यकाळात. ते १९१२-१३ मध्ये उजेडात आणणाऱ्या डी. बी. स्पूनर यांना तर महाभारतातील मयासुराची आठवण झाली, आणि ‘असुर मय’ म्हणजे इराण्यांचा ‘अहुर मज्द’ असे समीकरण मांडून त्यांनी १९१५ मध्ये मौर्यांना इराणी वळण देऊन टाकले. हा सिद्धान्त टिकला नाही, टिकण्यासारखाही नव्हता. पण त्यातील एक निरीक्षण उरते : पॉलिश केलेल्या दगडी खांबांचे दालन पाहणाऱ्या माणसाला मयसभा आठवावी, यात काही आहे. हस्तिनापूरच्या सभेचे सहस्र खांब उभे करणाऱ्या कवींनी किंवा सूतांनी अशी दालने पाहिली वा ऐकली होती, असे मानणे हे कुरुकाळात प्रासाद शोधण्यापेक्षा अधिक सयुक्तिक आहे.

मग कुडाची घरे महाभारताला ठाऊकच नव्हती काय? ठाऊक होती, आणि ती जेथे येतात ती जागा मोठी अर्थपूर्ण आहे. आदिपर्वात दुर्योधन पुरोचनाला वारणावतात घर बांधण्याची आज्ञा देतो. ताग, राळ, मुंज-मोळासारखी गवते, वेळू ही सामग्री वापरावी. मातीत तूप, तेल आणि पुष्कळ लाख मिसळून भिंतींना लेप द्यावा. भिंतीसाठी तेथे ‘कुड्य’ हा शब्द आला आहे आणि आपल्या ‘कूड’ या शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. लाख आणि तूप बाजूला काढले तर उरते काय? वेळू, गवत आणि मातीचे लिंपण : हस्तिनापूरच्या दुसऱ्या कालखंडातील घर. ज्या एका वास्तूचे जळणे कथेला आवश्यक होते तिचीच सामग्री कवीने तपशीलवार सांगितली. कारण तेथे घर कशाचे आहे यावर कथानक अवलंबून आहे. इतरत्र घर कशाचे आहे यावर काहीच अवलंबून नाही, तेथे वैभव दाखवावयाचे आहे, म्हणून सोने येते, स्फटिक येतो. काव्यातील वस्तूंची विश्वसनीयता सर्वत्र सारखी नसते. कथेच्या गरजेनुसार ती बदलते. हा निकष साहित्यसमीक्षेचा आहे आणि पुरातत्त्वज्ञांनी तो उसना घ्यावा असा आहे. लाक्षागृहाचा प्रसंग ऐतिहासिक ठरतो असे अर्थातच यातून निघत नाही. निघते ते इतकेच की कथा सांगणाऱ्यांना अशी घरे माहीत होती, आणि अशी घरे तर आजही बांधली जातात.

उलट दिशेने केलेल्या तुलनेचा, म्हणजे उत्खननाच्या आधारे ग्रंथातील वस्तूंचा काळ ठरविण्याचा, नमुना आपल्याकडे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी ‘रामायण : मिथ ऑर रिॲलिटी?’ (१९७३) या छोट्या पुस्तकात रामाच्या अंगठीचा विचार केला. हनुमानाजवळ दिलेली अंगठी रामाच्या नावाने अंकित होती. सांकलियांचा प्रश्न साधा आहे : नाव कोरलेल्या अंगठ्या भारतीय उत्खननांत केव्हापासून मिळतात? त्यांचे उत्तर असे की ग्रीकांशी संपर्क आल्यानंतर. म्हणजे हा तपशील रामायणात त्या सुमारास किंवा त्यानंतर आलेला असला पाहिजे. राम होता की नव्हता, या वादात ते येथे शिरतच नाहीत. अंगठी हे सीतेच्या ओळखीचे साधन म्हणून कथेत किती घट्ट बसले आहे हे लक्षात घेतले की या छोट्या निष्कर्षाचे वजन कळते. ओळख पटविण्याची दुसरी कोणती खूण त्यापूर्वी त्या जागी असेल, हा पुढचा प्रश्न वाङ्मयाभ्यासकाचा.

याच सांकलियांनी त्याच पुस्तकात लंका मध्य भारतात असल्याचे मत आग्रहाने मांडले आणि लोकांच्या लक्षात राहिली ती लंकाच. वस्तूच्या अभ्यासात त्यांचा हात जितका भक्कम होता तितका स्थलनिश्चितीत नव्हता, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. त्यांचा स्वतःचा अनुभवच याची साक्ष देतो. नर्मदाकाठच्या महेश्वर-नावडातोलीची निवड करताना हैहयांच्या माहिष्मतीची पुराणप्रसिद्धी त्यांच्यासमोर होती. १९५२-५३ च्या आणि नंतर १९५७-५९ च्या उत्खननांत कार्तवीर्याची राजधानी काही गवसली नाही. गवसली ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील शेतकऱ्यांची वसाहत : रंगीत भांडी, धान्याचे अनेक प्रकार, गोल आणि चौकोनी झोपड्या. पुराणांना या माणसांची वार्ता नव्हती. सांकलियांची कीर्ती ज्या ताम्रपाषाणयुगीन संशोधनावर उभी आहे त्याचा मोठा भाग अशा निनावी माणसांचा आहे.

ग्रीक जगातील प्रसिद्ध दाखला येथे आठवतो. होमरचे ट्रॉय शोधण्यासाठी हाइनरिख श्लीमान यांनी १८७० नंतर हिसार्लिकचे टेकाड खणले, प्रायमचा खजिना म्हणून जे दागिने जगापुढे ठेवले ते मागाहून प्रायमच्या कल्पित काळापेक्षा सुमारे हजार वर्षे जुन्या थरातील ठरले, आणि ज्या थराची त्यांना ओढ होती त्याचा बराच भाग त्यांच्याच खणण्यात नष्ट झाला. लाल यांनी असे काही केले नाही, त्यांचे खोदकाम शिस्तीचे होते, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे.

मराठीत या दोन ज्ञानशाखा एका व्यक्तीत एकत्र आल्या त्या इरावती कर्वे यांच्या रूपाने. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात सांकलियांच्या सहकारी होत्या. गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात मिळालेल्या मानवी सांगाड्यांचा अभ्यास त्यांनी केला. ‘युगान्त’ (१९६७) लिहिणाऱ्या लेखिकेने प्राचीन माणसाची हाडे हाताळली होती, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या चर्चेत क्वचितच येते. ती यावयास हवी. ‘मयसभा’ या लेखात खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे त्या अग्नीच्या तृप्तीची कथा म्हणून पाहत नाहीत. जमीन मोकळी करण्यासाठी अरण्य आणि त्यातील जीव यांचा केलेला संहार म्हणून पाहतात. खणून काढलेल्या वस्तीकडे पाहण्याची ही दृष्टी आहे. पुस्तकाच्या शेवटच्या लेखात भक्तिपूर्व, मूर्तिपूजापूर्व अशा कठोर जगाचा जो अस्त त्या रेखाटतात, त्यालाही चिकित्सक आवृत्तीचा आधार आहे.

तरीही एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. उशिराचे थर बाजूला सारल्यावर जे उरते ते सर्व एकाच काळाचे, इ.स.पू. १००० च्या आसपासच्या एका समाजाचे चित्र आहे, असे इरावतीबाई गृहीत धरतात. चिकित्सक संहिता हे आश्वासन देत नाही. तळटीपेत न गेलेला मजकूरही अनेक शतकांच्या घडणीचा असू शकतो. ‘युगान्त’चे सामर्थ्य त्यातील व्यक्तिचित्रांत आहे आणि ते या आक्षेपाने उणावत नाही; पण त्या चित्रांना समाजशास्त्रीय पुरावा म्हणून उद्धृत करण्याची जी प्रथा मराठी लेखनात पडली तिला मात्र बाधा येते.

द्वारकेविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने झेड. डी. अन्सारी व म. श्री. माटे यांनी तेथे केलेल्या उत्खननात इतिहासकाळातील वस्ती मिळाली. १९८० नंतर एस. आर. राव यांनी समुद्रात शोध घेतला आणि दगडी बांधकामे व नांगर यांच्या आधारे बुडालेल्या कृष्णनगरीचा दावा केला. सागरी पुरातत्त्वाच्या नंतरच्या अभ्यासकांनी त्यांतील बरेच अवशेष पुष्कळ अलीकडच्या बंदराचे मानले. २०१८ मध्ये बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे इ.स.पू. २००० च्या आसपासच्या दफनांत तांब्याने मढविलेली, भरीव चाकांची वाहने मिळाली. ती रथ की बैलांच्या गाड्या, हा वाद तज्ज्ञांत चालू असताना वृत्तपत्रांनी त्यांत महाभारताचे रथी बसविलेसुद्धा. घोड्याची हाडे तेथे मिळालेली नाहीत, हा तपशील मथळ्यांत मावला नाही. पुढे २०२० च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ज्या पाच पुरातन स्थळांच्या विकासाची घोषणा झाली त्यांत हस्तिनापूर होते. संग्रहालय होणार, ही आनंदाची गोष्ट. त्यात कुडाचे लिंपण कोठे ठेवले जाते आणि त्याखाली काय लिहिले जाते, यावर बरेच अवलंबून आहे. हजारो शाळकरी मुले ती पाटी वाचणार आहेत.

पुराकडे परत वळू. लाल यांच्या मांडणीतील हाच सर्वांत सबळ दुवा, आणि म्हणून तो सर्वांत बारकाईने पाहिला पाहिजे. पहिली गोष्ट अशी की गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्याचे वचन महाभारतात नाही. ते मत्स्य, वायु आदी पुराणांच्या वंशानुचरितात आहे. १९१३ मध्ये एफ. ई. पार्जिटर यांनी कलियुगातील राजवंशांचे हे भाग एकत्र करून दाखविले तेव्हा त्यांतील काळाची गंमत ठळक झाली. पुराणे अधिसीमकृष्णाला विद्यमान राजा मानतात आणि त्याच्यापुढील निचक्षू इत्यादी राजांविषयी भविष्यकाळात बोलतात. गंगा नगर वाहून नेईल, तो कौशांबीत राहील. म्हणजे घडून गेलेली गोष्ट भविष्यवाणीच्या साच्यात ओतली आहे. साचा उशिराचा, आशय कदाचित जुना. राजघराण्याच्या यादीत स्थलांतराची ही नोंद निष्कारण कोणी घालणार नाही, आणि कौशांबीच्या राजांना आपले मूळ कुरुकुलात दाखविण्याची गरज होती, हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येते.

दुसरी गोष्ट, राजधान्या पाण्यात बुडणे हा या वाङ्मयाचा आवडता शेवट आहे. मौसलपर्वात द्वारका समुद्र गिळतो. पुराणांत हस्तिनापूर गंगा गिळते. यादव आणि कुरू या दोन्ही कुलांच्या नगरांना जलसमाधी देणारी ही सममिती काव्याची आहे. पण गंगेला पूर येतात, हेही तितकेच खरे. म्हणून पुराचा थर मिळाला यावरून वचन खरे ठरले असे म्हणण्यापूर्वी, पूर ही त्या काठावर किती सामान्य घटना होती हे विचारात घेतले पाहिजे.

या संदर्भात एक कथा फारशी वापरली गेलेली नाही. विष्णुपुराणात आणि भागवताच्या दशम स्कंधात सांबाच्या लग्नाचा प्रसंग आहे. दुर्योधनाची कन्या लक्ष्मणा हिला सांब स्वयंवरातून पळवितो, कौरव त्याला बंदी करतात, बलराम त्याला सोडवावयास येतो आणि कौरवांच्या उद्दाम बोलण्याने संतापून नांगराचा फाळ तटाला अडकवून सबंध नगर गंगेकडे ओढू लागतो. कौरव शरण येतात, नगर वाचते. कथेच्या अखेरीस पुराणकार जे सांगतो ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : हे नगर आजही गंगेच्या बाजूला कललेले दिसते. ‘आजही’ या एका शब्दाने सगळा कोन बदलतो. पुराणकाराच्या परंपरेत कोणीतरी नदीच्या बाजूला कडा तुटलेली, एका अंगाला उचललेली पांढर पाहिलेली आहे, आणि हे असे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून नांगराची कथा उभी राहिली आहे. जमिनीने कथा जन्माला घातली. महाराष्ट्रातल्या कितीतरी डोंगरांना, कुंडांना आणि लेण्यांना पांडवांनी एका रात्रीत घडविल्याच्या कथा चिकटल्या आहेत, त्यांची जातकुळी हीच. हस्तिनापूरच्या टेकाडाला स्थानिक लोक ‘उल्टा खेडा’ म्हणतात.

या रीतीने पाहिले तर पुराची कथा, नांगराची कथा आणि टेकाडाची तुटलेली कडा ही तिन्ही एकाच दृश्याभोवती जमा झालेली दिसतात. त्यांतील कोणती आधी, कोणती नंतर, याचा शोध हस्तलिखितांच्या आणि पाठभेदांच्या मार्गाने काही अंतरापर्यंत घेता येईल. त्यासाठी नवी खोदाई लागत नाही.

लाल यांच्या वृत्तान्तातील तिसऱ्या कालखंडाची पाने वाचकांकडून सहसा ओलांडली जातात, कारण तेथे पांडव नाहीत. पुरानंतर काही काळाने, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास, लोक त्या जागी परत आले. त्यांनी भाजलेल्या विटांची घरे बांधली, गटारे काढली, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून विहिरी बांधल्या, नाणी वापरली. आणि हे नगर शेवटी मोठ्या आगीत जळाले. भारतकथा सूतांच्या तोंडी वाढत होती त्या शतकांत, हस्तिनापूर म्हणून कोणाला प्रत्यक्ष काही दाखविता आले असेल, तर ते हे विटांचे, नांदते हस्तिनापूर. संहितेतील बाजारपेठा, राजमार्ग, उंच घरे यांची तुलना करावयाची तर ती या थराशी करून पाहिली पाहिजे. माझ्या मते त्या पर्वांच्या अभ्यासाला तेथूनच आरंभ करता येईल.